आभाळातून वावरात धातूचा गोळा पडला तर? ओळख, धोका, पंचनामा

झाडीपट्टीकर

राम राम मंडळी. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळत गेलेले तुकडे अर्ध्या महाराष्ट्राने पाहिले. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, पवनपारकडे गोळा सापडला. असं पुन्हा कधी घडलं तर गावपातळीवर काय करायचं, याची एका पानाची सूचना पोलीस पाटील आणि कोतवालांसाठी करायची आहे. गावात क्रम ठरलेला असतो: आधी हात लावायचा, मग सेल्फी, मग भंगारवाला, आणि सगळ्यात शेवटी तलाठी.

तर जाणकारांनी सांगावं. पडलेली वस्तू रॉकेटची आहे, उल्का आहे की आणखी काही, हे बघून कसं ओळखायचं? विषारी इंधनाचा धोका खरा किती? अगोदर कळण्याची काही सोय आहे का? आणि बांधीतलं धान किंवा गोठा गेला तर भरपाई कोण देणार?

कक्षा_आणि_कचरा

भाऊ, वस्तूकडे जाण्याआधी आभाळात काय दिसलं ते चारपाच जणांना वेगवेगळं विचारा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने शिरते. बहुतेकींचा खेळ काही सेकंदांत आटोपतो. रॉकेटचा टप्पा (रॉकेट ज्या एकावर एक भागांचं बनतं त्यातला एक भाग) किंवा उपग्रह साधारण ७.८ किमीच्या वेगाने, तोही जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे तो संथ वाटतो, आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिनिटभरही दिसू शकतो, आणि ८०-७० किमी उंचीवर फुटून एकामागे एक जाणाऱ्या ठिपक्यांची रांग होते. प्रत्येकाला आपली शेपटी. "विमान पेटलं" असं लोक म्हणतात ते याच दृश्याला. स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांची माळ वेगळी: सारखे पांढरे ठिपके, शेपटी नाही, तुटणं नाही.

आता वस्तू. उल्का म्हणजे दगड किंवा लोखंड-निकेलचा गोळा: आकार वेडावाकडा, वर पातळ काळी साल, आकाराच्या मानाने जड, आणि बहुतेक वेळा चुंबक धरते. (लोणारच्या काळ्या बसाल्टचे गोटे लोक उल्का म्हणून आणून दाखवतात. तो इथलाच दगड आहे.) रॉकेटच्या तुकड्यावर माणसाच्या हाताच्या खुणा असतात: वेल्डिंगची शिवण, बोल्टची भोकं, फ्लँज (जोडणीची रुंद कडा), नळीचं तोंड, कधी कोरलेले क्रमांक.

गोळेच का सापडतात? रॉकेटच्या टाक्यांमध्ये दाब राखायला हेलियम लागतो. तो २०० ते ३०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेएवढा दाब) दाबाने गोल बाटल्यांत भरलेला असतो. या बाटल्या पुष्कळदा टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियम वितळतं १६६८ अंश सेल्सियसला, तर रॉकेटच्या अंगाचं ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास. शिवाय गोल, पोकळ आणि हलकी वस्तू वर विरळ हवेतच वेग गमावते, म्हणून तिला भाजणारा वेळ कमी. अंग जळून जातं, बाटली खाली येते. हाताला हलकी, राखाडी, चुंबक न धरणारी. काही बाटल्यांवर कार्बन फायबर गुंडाळलेलं असतं. त्याचे काळे धागे सुटून लोंबतात, ते जळालेल्या सुतळीसारखे दिसतात. ते धागे चोळायचे नाहीत, श्वासात तर मुळीच घ्यायचे नाहीत.

लाडबोरीच्या कड्याबद्दल: खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेचच अंदाज दिला होता की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, क्रमांक वाय७७. त्या टप्प्याचा व्यास ३ मीटरच आहे. कड्याचं माप त्याच्याशी बरोबर जुळतं.

खगोल_अकोला

अगोदर कळण्याबद्दल लिहितो, कारण यावरून बातम्यांमध्ये फार गोंधळ होतो.

असा टप्पा उपग्रहाला लंबवर्तुळाकार कक्षेत सोडतो आणि स्वतःही तिथेच फिरत राहतो. एक टोक ३६,००० किमीच्या आसपास, दुसरं २०० किमीच्या घरात. दर फेरीला खालच्या टोकाशी विरळ हवेचं घर्षण होतं आणि वरचं टोक खाली येत जातं. म्हणून उड्डाणानंतर वर्ष-सव्वा वर्षाने तो पडला. हवा किती दाट हे सूर्याच्या हालचालींवर ठरतं, टप्पा गटांगळ्या कसा खातो यावरही. त्यामुळे तासभर आधीच्या अंदाजातसुद्धा दहापंधरा मिनिटांची चूक सहज राहते. सेकंदाला साडेसात किमी धरले तर एक मिनिट म्हणजे ४५० किमी. बुलढाणा ते गडचिरोली हे सगळं अंतर तो मिनिटाच्या आत कापतो. "अमुक तालुक्यात पडणार" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर तो सरळ खोटा समजा.

पडल्यावर मात्र दिशेचा उपयोग होतो. तुकडे मार्गाच्या रेषेवर शेकडो किमी लांब पण अरुंद पट्ट्यात विखुरतात. हलके आणि पसरट आधी पडतात, जड आणि घट्ट पुढे जातात. एका गावात गोळा सापडला की मार्गाची दिशा धरून पुढच्या-मागच्या गावांना कळवा. आडव्या दिशेला फार शोधत बसण्यात अर्थ नाही. उजेड विझल्यावर तुकडे लगेच जमिनीवर येत नाहीत. शेवटचे काही किमी ते अंधारात, न चमकता पडतात. त्यामुळे लखलखाट संपल्यावर पाचदहा मिनिटं गच्चीवर, अंगणात गर्दी करू नये. ५ किलोचा, ६० सेंमीचा पोकळ गोळा ताशी १०० ते १५० किमी वेगाने आदळतो. कौल फोडायला तेवढं पुरे. पण ओल्या बांधीत मोठा खड्डा होत नाही. म्हणून "खड्डा नाही, मग कोणीतरी आणून टाकला" हा तर्क चुकीचा.

झाडीपट्टीकर

खड्ड्याचं बरं सांगितलं, तीच शंका इकडे बरेच जण काढत होते. आता इंधनाचं सांगा. काही म्हणतात, एवढी आग झाल्यावर आत उरणार काय?

दाब_आणि_वायू

बहुतेक वेळा काहीच उरत नाही, पण "बहुतेक" या शब्दावर गावाचा जीव टांगायचा नाही.

चँग झेंग ३बीच्या तिसऱ्या टप्प्याचं मुख्य इंधन द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन. ते केव्हाच उडून गेलेलं असतं. त्याच रॉकेटच्या खालच्या टप्प्यांत आणि बाजूला जोडलेल्या बूस्टरमध्ये यूडीएमएच (हायड्राझिनच्या जातीचं इंधन) आणि ते जाळणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड असतं, दोन्ही घातक. पण ते उड्डाणानंतर काही मिनिटांतच उड्डाणमार्गाखाली पडतात, विदर्भापर्यंत येत नाहीत. आपल्याला काळजी छोट्या टाक्यांची. दिशा सांभाळणाऱ्या थ्रस्टरांसाठी (छोट्या इंजिनांसाठी) पुष्कळ उपग्रहांत आणि वरच्या टप्प्यांत हायड्राझिन असतं. रंगहीन, वास अमोनियासारखा, कातडीतून शोषलं जातं, कर्करोगकारक. आणि त्याचा वास नाकाला कळेपर्यंत सुरक्षित पातळी कितीतरी पट ओलांडलेली असते. म्हणजे हुंगून तपासणं हाच सगळ्यात वाईट उपाय. लालसर तपकिरी वाफ दिसली तर ती नायट्रोजन टेट्रॉक्साइडची समजायची. अशा वेळी वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जायचं (तिथून वस्तूकडे तोंड केलं की वारा पाठीवर येतो) आणि जवळपासच्या झोपड्या रिकाम्या करायच्या.

दुसरा धोका दाबाचा, आणि माझ्या मते तो जास्त खरा. खाली येताना बाटली तापते, आतला दाब वाढतो. एकतर ती फुटते किंवा नळीचं तोंड वितळून वायू निघून जातो. दुरून बघा: भोक किंवा उघडं तोंड स्पष्ट दिसत असेल तर दाब गेलेला. दोन्ही तोंडं बंद किंवा वितळून बुजलेली असतील तर ती भरलेली समजा. ५० सेंमी व्यासाच्या गोळ्यात ६५ लिटर जागा असते. नुसता १०० बार हेलियम उरला तरी फुटताना सुमारे ०.८ मेगाज्यूल ऊर्जा सुटते, जवळपास २०० ग्रॅम टीएनटी या स्फोटकाएवढी. त्यावर गॅसकटर चालवणारा माणूस वाचत नाही. ठोकू नका, लोळवू नका, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकू नका, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातही आणून ठेवू नका.

सूचनेत एवढं लिहा: ५० मीटरवर दोरी, वारा पाठीशी घेऊन पहारा, ढोरं आणि पोरं लांब, ११२ वर पोलीस, १०७७ वर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. पाऊस आला तर झाकायला जाऊ नका; उताराच्या बाजूला लांबून बांध घाला, म्हणजे ते पाणी विहिरीत किंवा बोडीत जाणार नाही. कोणी हात लावलाच असेल तर भरपूर पाण्याने धुवा, कपडे काढून वेगळे ठेवा, आणि दवाखान्यात "कशाला हात लावला" हे आधी सांगा.

एक अपवाद. लांबट, शेपटीला पंख असलेली लोखंडी वस्तू असेल तर अवकाश विसरा. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याचे कारखाने आपल्याच भागात आहेत. तिथे ५० मीटरही कमी. माणसं दूर न्या आणि पोलिसांना बॉम्बशोधक पथक मागवायला सांगा.

सातबारा_ते_संयुक्त_राष्ट्र

भरपाईचा कायदा स्पष्ट आहे, वाट लांब आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार अवकाशातल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपक देश पूर्णपणे जबाबदार. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण दावा शेतकरी थेट करत नाही, भारत सरकार राजनैतिक मार्गाने करतं. मुदत एक वर्ष: नुकसानीच्या दिवसापासून, किंवा कोणता देश जबाबदार हे कळल्यापासून. उदाहरण म्हणून, सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस ९५४ जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात पडला. कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

म्हणून पहिल्या दिवसाचा पंचनामा पक्का हवा. तलाठी, पोलीस पाटील, दोन पंच. गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, सापडल्याची वेळ. फोटो दोरीच्या बाहेरून झूम करून, चारी बाजूंनी. मापाचा अंदाज यावा म्हणून काठी किंवा घमेलं वस्तूच्या रेषेत पण आपल्याच बाजूला ठेवा. मोडलेलं पीक, भिंत, मेलेलं जनावर यांचे फोटो वेगळे. जनावर गेलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. वस्तू धुऊ-पुसू नका. क्रमांक आणि जळाल्याचे थर यांवरूनच इस्रोची माणसं टप्पा ओळखतात.

आणि भंगारवाल्याचं: १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे वस्तू जमिनीवर पडली तरी मालकी बदलत नाही, मूळ मालकाचीच राहते. ज्याच्या वावरात पडली त्याला ती विकता येत नाही. हे सूचनेत ठळक लिहा, काऊन की टायटॅनियमचा भाव गावात फार लवकर कळतो.

खगोल_अकोला

आणखी एक, हे जास्त वेळा घडतं. पांढरा थर्माकोलचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा डबा, दोरा, फाटका रबरी फुगा: हा नागपूरच्या हवामान केंद्राचा रेडिओसाँड, म्हणजे फुग्याला बांधून सोडलेलं हवामान मोजायचं यंत्र. फुगा ३० किमीच्या आसपास फुटतो आणि डबा खाली येतो. धोका नाही. मोठं पॅराशूट, पातळ पॉलिथिनचे ढीग आणि सोबत पेटी असेल तर ती हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सोडलेल्या संशोधन फुग्याची असू शकते. पेटीवर पत्ता आणि फोन असतो. ती उघडू नका, आत महागडी उपकरणं असतात, काही वेळा जास्त व्होल्टेजही. पोलिसांना कळवा, संस्थेची माणसं येऊन घेऊन जातात.