उलरिके आयकेरी आणि नॉर्वेचं महिला टेनिस : टॉप १०० मध्ये नसताना करिअर चालतं कसं?

रॅकेटवाली :
नमस्कार मंडळी. कॅस्पर रूडमुळे नॉर्वेच्या टेनिसबद्दल वाचायला लागले आणि उलरिके आयकेरी या नावाशी येऊन थांबले. २०२२ च्या फ्रेंच ओपनमध्ये कॅस्पर फायनलला नदालकडून हरला हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या तीनच दिवस आधी त्याच स्पर्धेत ही मिक्स्ड डबल्सची फायनल खेळली होती, बेल्जियमच्या योरान व्लीगेनबरोबर, एना शिबाहारा आणि वेस्ली कूलहॉफकडून हरले दोघं. आणि तिचं सिंगल्सचं रँकिंग बघितलं तर आयुष्यात पहिल्या २०० मध्ये कधीच नाही! जन्म १९९२ चा, म्हणजे तेव्हा २९ वर्षांची. मग इतकी वर्षं ही खेळत कशी राहिली, कशावर, आणि नॉर्वेसारख्या श्रीमंत देशातून बायकांमध्ये कोणी वर का येत नाही? विचारतेय कारण माझी भाची अंडर-१४ खेळते आणि घरात रोज एकच वाद, टॉप १०० नाही तर एवढा खर्च करून उपयोग काय. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

ओस्लोकर :
इथे राहतो म्हणून लिहितो. पैसा आहे हो देशाकडे, पण मुलींमध्ये खेळाचं वेड आहे ते हँडबॉल, फुटबॉल आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगचं. हँडबॉलच्या बायकांच्या टीमने पॅरिसला २०२४ मध्ये ऑलिंपिक गोल्ड घेतलं, स्कीइंगवाली मारित ब्योर्गेन घराघरात माहितीये. अंगात दम असलेली दहा वर्षांची मुलगी आधी तिकडे जाते. दुसरं म्हणजे हवामान, बाहेरच्या कोर्टवर खेळायला जेमतेम उन्हाळा मिळतो, बाकी सगळं इनडोअर, आणि इनडोअर कोर्टचे तास मोजके असतात त्यामुळे संध्याकाळच्या स्लॉटसाठी मारामारी.

आणि एक नियम आहे जो आपल्याकडे कुणाला खरा वाटणार नाही. इथल्या क्रीडा महासंघाचे लहान मुलांसाठी नियम आहेत, ११ वर्षांपर्यंत रँकिंग, निकालांच्या याद्या असलं काही छापायचं नाही, आणि १३ च्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे नाही. मला स्वतःला हा नियम फार आवडतो, मुलं खेळ सोडत नाहीत, हसत खेळतात. पण टेनिसमध्ये बाकीचे देश आठव्या-नवव्या वर्षी पोरांना स्पर्धेला जुंपतात, तिथे ही मुलं उशिरा सुरू होतात हेही खरंय. कॅस्परच्या घरी बाप क्रिस्टियान रूड स्वतः जगात ३९ पर्यंत गेलेला, तसं घर आयकेरीसमोर नव्हतं. बायकांमध्ये तिच्यासमोर नाव घ्यावं असं कोण, तर मोला ब्युर्स्टेट! १९१२ च्या ऑलिंपिकला ब्राँझ, मग अमेरिकेत जाऊन तिथलं राष्ट्रीय अजिंक्यपद आठ वेळा, शेवटचं १९२६ ला वयाच्या ४२ व्या वर्षी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट.

अनफोर्स्ड_एरर :
खर्चाचं मी सांगतो. सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) १५ हजार डॉलरवाल्या स्पर्धा. १५ हजार हे सगळ्यांचं मिळून. त्यात मेन ड्रॉला (म्हणजे मुख्य स्पर्धेत) पहिल्याच फेरीत हरलं की १४७ डॉलर हातात आणि अख्खी स्पर्धा जिंकली तर २३५० च्या आसपास, वर टॅक्स कापून. राहणं, खाणं, विमान सहसा स्वतःचं. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या अशा ठिकाणी आठवड्यामागून आठवडे त्याच रिसॉर्टच्या कोर्टवर स्पर्धा चालू असतात, मुली तिथे महिना-महिना मुक्काम ठोकतात कारण हरलं तरी विमानाचं तिकीट न काढता सोमवारपासून पुढची स्पर्धा खेळता येते. खोली दोघी-तिघींत, कोच परवडत नाही म्हणून जी आज समोर हरली तीच उद्या प्रॅक्टिसला, गॅलरीत टाळ्या वाजवायला कोणी नाही. रँकिंगचे पॉइंट ५२ आठवड्यांनी उडतात, त्यामुळे पाय मुरगळून दोन महिने घरी बसलात की रँकिंग घसरलंच. मेलानी स्टोके, मालेने हेल्गो या आयकेरीबरोबर नॉर्वेच्या टीममधून खेळलेल्या मुली, त्यांचं बहुतेक करिअर या असल्याच स्पर्धांत गेलंय. मला या पोरींबद्दल मनापासून आदर आहे, ३०० वं रँकिंग म्हणजे जगातल्या तीनशे सर्वोत्तम बायकांपैकी एक, दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात ही माणसं दिग्गज म्हणवली गेली असती.

नेटजवळ :
आयकेरीचं खरं उत्तर डबल्समध्ये आहे. डबल्सची एंट्री दोघींच्या रँकिंगच्या बेरजेवर मिळते, आणि त्यात सिंगल्सवाल्या बायका स्वतःचं सिंगल्सचं रँकिंग वापरूनही घुसू शकतात, म्हणजे फक्त डबल्स खेळणारीला सतत जोडीदार शोधत राहायचं, मेसेज करत राहायचं, एक जोडी तुटली की पुन्हा शून्यापासून जमवाजमव. अशातून २०२१ मध्ये तेनेरीफेला एलेन पेरेझबरोबर तिने डब्ल्यूटीएचं (बायकांची मुख्य व्यावसायिक टेनिस मालिका) पहिलं टायटल घेतलं, फायनलला समोर ल्युडमिला किचेनोक आणि मार्ता कोस्त्युक. मग २०२३ ला टोकियोच्या पॅन पॅसिफिकमध्ये एस्टोनियाकडून खेळणाऱ्या इंग्रिड नीलबरोबर टायटल, ही तर ५०० दर्जाची, म्हणजे वरच्या पायरीची स्पर्धा. डबल्समध्ये आयकेरी पहिल्या ५० मध्ये गेली. सर्व्ह झाल्या झाल्या पुढे यायचं, व्हॉलीवर (टप्पा पडायच्या आत चेंडू मारणं) हात पक्का, पार्टनर सर्व्ह करताना नेटवर योग्य क्षणी आडवं सरकायचं, हे कौशल्य बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून मारणाऱ्या बऱ्याच मोठ्या नावांकडे नसतं.

टॉपस्पिन_तात्या :
सगळं मान्य, पण भाचीच्या घरच्यांना गुलाबी चित्र दाखवू नका. २०२२ च्या फ्रेंच ओपनचेच आकडे घ्या, सिंगल्सच्या पहिल्या फेरीत हरणारीला ६२,००० युरो होते आणि मिक्स्डच्या फायनलला हरलेल्या जोडीला दोघांत मिळून ६१,०००. फायनल खेळूनही पहिल्याच दिवशी बाहेर पडलेलीपेक्षा कमी! माझ्या मते हा अन्याय आहे आणि खेळाडूंनी तो कितीही वेळा बोलून दाखवला तरी कमीच.

नेटजवळ :
तात्या, पैशाचं बरोबर आहे तुमचं. पण ती सिंगल्समध्येच अडून राहिली असती तर ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉचं कोर्टसुद्धा दिसलं नसतं. डबल्सकडे वळणं म्हणजे हार मानणं असं आपल्याकडे मानतात ते मला अजिबात पटत नाही, तिने स्वतःचा खेळ ओळखला.

रॅकेटवाली :
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, धन्यवाद! पण भाचीसाठी मधला रस्ता काही आहे का? म्हणजे शिक्षण न सोडता?

अनफोर्स्ड_एरर :
अमेरिकन कॉलेज टेनिस. आपली ऋतुजा भोसलेच बघा ना, टेक्सास ए अँड एमला शिकली-खेळली, मग प्रोफेशनल सर्किटवर आली, सिंगल्सला टॉप १०० कधीच नाही, आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड. स्कॉलरशिपमुळे कोच, प्रवास, फिजिओ सगळं कॉलेज बघतं, शिवाय २२ व्या वर्षी हातात डिग्री. पण आत्ता अंडर-१४ ला एवढंच करा, सिंगल्सबरोबर प्रत्येक स्पर्धेत डबल्सलाही नाव द्या. बरेच पालक डबल्सची मॅच सोडून मुलांना घरी नेतात, ते नका करू.

ओस्लोकर :
आणि तिला या मुली प्रत्यक्ष दाखवा. मुंबईत सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) फेब्रुवारीत डब्ल्यूटीए १२५ ही मुख्य मालिकेच्या एक पायरी खालची स्पर्धा झालीये, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर आयटीएफच्या बायकांच्या स्पर्धा झाल्यात, पुन्हा असतील तेव्हा क्वालिफाइंगच्या (मुख्य स्पर्धेआधीची पात्रता फेरी) दिवशी जा, कोर्टच्या अगदी जाळीपाशी बसून बघता येतं. नाहीतर आयटीएफच्या साइटवर लाइव्ह स्ट्रीम असतातच, एकाच फिक्स कॅमेऱ्याचे आणि कॉमेंट्रीशिवाय, पण पाय कसे हलतात ते टीव्हीपेक्षा तिथे जास्त चांगलं कळतं.