एक्स-मेनमधला लीच, पुढे काय वाचू? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एक्स-मेन (मार्व्हलची सुपरहिरो कॉमिक्स) वाचणारं कोणी आहे का इथे? मला लीचबद्दल मदत हवीये. हिरव्या कातडीचा तो लहान पोरगा, न्यूयॉर्कच्या खाली बोगद्यांमध्ये मॉरलॉक लोकांसोबत (म्हणजे लपून राहणारे म्युटंट, जन्मतःच वेगळी पॉवर असलेले) राहणारा. त्याच्या जवळ गेलं की दुसऱ्या म्युटंटची पॉवरच बंद पडते, एवढीच त्याची पॉवर, आणि दिसायला असा की वर माणसांत राहताच येत नाही बिचाऱ्याला, मला तर वुल्व्हरिनपेक्षा हाच जवळचा वाटतो. १९८४ चा अनकॅनी एक्स-मेन १७९ वाचला, त्यात तो पहिल्यांदा येतो, मग १९८६ चं म्युटंट मॅसेकर घेतलं, मरॉडर्स ही मारेकऱ्यांची टोळी बोगद्यात घुसून मॉरलॉकांची कत्तल करतात ते दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. लीच त्यातून जिवंत राहतो हेच समाधान.

आता त्याची आणि आर्टी या दुसऱ्या म्युटंट पोराची दोस्ती नीट क्रमाने वाचायचीये. आर्टीला बोलता येत नाही, तो मनातलं चित्र हवेत दाखवतो, काय भारी जोडी आहे ना! एक्स-फॅक्टर या मालिकेपासून सुरू करू की सरळ जनरेशन एक्स ही मालिका घेऊ? ९ वर्षांच्या भाचीलाही वाचून दाखवायचंय, तर फार मारामारी नसलेले अंक कुठले तेही सांगा प्लीज.