रोज वापरतो त्या साइट खऱ्या आणि सुरक्षित आहेत का हे घरच्या घरी कसं तपासायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे आहेत, गावी आई आणि ते दोघंच असतात. लाइटबिल, गॅसचा नंबर, बँक, सातबारा, रेल्वेचं तिकीट, सगळं स्वतः मोबाईलवर करतात आणि मला त्याचं फार कौतुक आहे, त्यामुळे "तुम्ही हात लावू नका, मी इथून करतो" असं मला त्यांना म्हणायचं नाहीये.

गेल्या महिन्यात त्यांनी लाइटबिल भरायला सर्च केलं आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. ती जाहिरात होती. साइट एकदम छान, मोठी अक्षरं, मराठीत, एकच बटण. ग्राहक क्रमांक टाकला, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपीच्या मेसेजमध्ये बिलापेक्षा भलतीच रक्कम दिसली म्हणून थांबले. लगेच कार्ड ब्लॉक केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पैसे वाचले. पण मला म्हणाले, "अरे वर कुलूप होतं की, तूच सांगितलं होतंस कुलूप बघायचं." खरंय, मीच सांगितलं होतं. तेव्हापासून चैन नाही.

मग वाचत बसलो. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असणं म्हणजे एवढंच की आपला फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, पलीकडे कोण बसलंय ते त्यावरून कळत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थांकडे त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं, चोरालाही मिळतं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

आता बाबांच्या रोजच्या सहा साइट एकेक करून बघतोय. पत्ता कसा वाचायचा ते त्यांना शिकवलं: सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं तेच खरं, मधे बँकेचं नाव कितीही वेळा असू दे. डॉट गव्ह डॉट इन फक्त सरकारी साइटला मिळतं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं होतं, चांगलीच गोष्ट आहे, पण बाबा नवा पत्ता बघून म्हणाले हीच खोटी!

एका साइटवर 'पासवर्ड विसरलो' दाबलं तर जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर आला. म्हणजे तो त्यांच्याकडे वाचता येईल असाच ठेवलाय ना? दुसरीकडे पासवर्डच्या चौकटीत पेस्टच होत नाही, त्यामुळे पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवून आपणहून भरणारी सोय) नीट चालत नाही, आणि मला तर बाबांसाठी तोच मोठा आधार वाटतो कारण पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी तो आपणहून पासवर्ड भरत नाही.

पण सगळ्यात जास्त त्रास डिझाइनचा. पांढऱ्यावर फिकट राखाडी बारीक अक्षरं (साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, हवा असा वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचा निकष आहे, मी एका ठिकाणी मोजला तर २.३ भरला), सरकत्या सूचना, पॉपअपवर पॉपअप, न वाचता येणारा कॅप्चा, आणि फॉर्म अर्धा भरला की सेशन एक्स्पायर. बाबांना नीट वाचता आली ती साइट नेमकी चोराची निघाली. मग त्यांनी खरी कशी ओळखावी?

जाणकारांनी कृपया सांगा:

१. सहाही साइट होम स्क्रीनवर शॉर्टकट करून देऊ, की त्यांची अ‍ॅप बरी?

२. एसएसएल लॅब्सच्या टेस्टमध्ये (साइटचं ते कुलूप किती पक्कं आहे हे तपासणारी ऑनलाइन चाचणी) एका साइटला बी ग्रेड आली. वापरणाऱ्याने त्याची कितपत काळजी करावी?

३. पासवर्ड मेलवर पाठवणारी साइट सोडता येत नाही, ते काम दुसरीकडे होतच नाही. आधी त्यांनाच कळवू की थेट सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था)? कुणी असं कळवलंय का, उत्तर आलं का?

४. फोनच्या कव्हरमध्ये ठेवायला एक चिठ्ठी लिहून देणार आहे, मोठ्या अक्षरात, चारच ओळी. त्यात तुम्ही काय लिहाल?

रविवारी गावी जातोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.