मदत हवी आहे : पूर्ण चार्ज केलेले सेल जीपीएसमध्ये दोन तासांत संपतात

घाटवाट_शोधक (सोमवार, रात्री ९.४०)

शुक्रवारी रात्री रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेला निघायचे आहे आणि ऐन वेळी जीपीएस दगा देऊ लागला आहे. सेल रात्रभर चार्जरला लावले, हिरवा दिवा लागल्यावरच काढले, तरीही दोन-अडीच तासांत बॅटरी संपल्याची सूचना येते आणि यंत्र बंद पडते. दुकानातले साधे अल्कलाइन सेल घातले की तेच यंत्र दिवसभर चालते, त्यामुळे बिघाड यंत्रात नाही हे उघड आहे. सर्वांत जास्त क्षमतेचे चार्जिंगचे सेल कोणते आणि ते गुरुवारपर्यंत कुठे मिळतील, एवढेच सांगावे. ‘त्यापेक्षा मोबाइल वापरा’ असा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

मुळशीकर (सोमवार, रात्री ९.५८)

यंत्र कोणते, त्यात सेल किती बसतात, ते डबल-ए की ट्रिपल-ए, त्यांच्यावर काय छापले आहे, ते किती जुने आहेत आणि चार्जर कोणता, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. कुठे मिळतील असे विचारता, पण आपले शहरही सांगत नाही. ‘चार्जिंगचे सेल’ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे, की हल्ली निघालेले, पोटात यूएसबीचे छिद्र असलेले लिथियमचे? ही माहिती मिळाल्याशिवाय जे काही सांगू ते अंदाजपंचेच असेल.

रानातला_बापू (सोमवार, रात्री १०.२०)

सल्ला नको म्हणालात तरी वयाचा मान म्हणून ऐकून घ्यावे. मोबाइल विमान-मोडवर ठेवून त्यात आधी उतरवून घेतलेले नकाशे वापरले आणि सोबत वीस हजार एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे एकक) पॉवर बँक ठेवली, तर तीन दिवस निर्धास्त जातात. कात्राबाईच्या खिंडीत आम्ही ना जीपीएस नेला ना मोबाइल; कुमशेतचा वाटाड्या घेतला आणि सुखरूप पोहोचलो.

घाटवाट_शोधक (सोमवार, रात्री १०.४५)

बापूकाका, वाटाड्या ठरवलेला आहे. धुक्यात ओल्या बोटांनी मोबाइलचा पडदा चालत नाही आणि तो कातळावर पडला तर घरी निरोप द्यायलाही काही उरत नाही, म्हणून जीपीएस हवा.

मुळशीकर, यंत्र गार्मिनचे ईट्रेक्स ३० आहे आणि त्यात दोन डबल-ए सेल बसतात. सेल निकेल-मेटल हायड्राइडचे असून त्यांच्यावर ४६०० एमएएच असे छापले आहे. चार्जर त्यांच्याबरोबर फुकट आलेला असून त्यात चार सेल बसतात. मी पुण्यात राहतो. आता तरी कोणते सेल घ्यायचे ते सांगा.

तारतंत्री (सोमवार, रात्री ११.३०)

४६०० हा आकडा वाचताच अर्धे निदान झाले. डबल-ए आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये आजच्या तंत्राने फार तर २७००-२८०० एमएएच मावतात, त्यामुळे त्याहून मोठा आकडा छापणारा विक्रेता खोटे बोलत आहे असे खुशाल समजावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सेल ठेवून पाहावा. या प्रकारचा चांगला सेल साधारण २६-२७ ग्रॅम भरतो. तुमचा १८-२० भरला, तर आत माल कमी घातला आहे हे वेगळे सांगायला नको.

उरलेले अर्धे निदान चार्जरचे आहे. फुकट मिळणाऱ्या बहुतेक चार्जरांतला हिरवा दिवा सेल भरल्याचे सांगत नाही. तो प्रवाह चालू असल्याचे किंवा घड्याळाचे ठरावीक तास संपल्याचे सांगतो. शिवाय त्यांत सेल जोडीने एकामागे एक जोडून चार्ज होतात, म्हणजे दोघांतून सारखाच प्रवाह सारखाच वेळ जातो. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर पहिला भरल्यावरही तापत राहतो आणि दुसरा अर्धपोटी बाहेर येतो. असे काही महिने चालले की दोघांतले अंतर वाढतच जाते. जीपीएसमध्येही ते एकामागे एकच बसतात, त्यामुळे बैलजोडीतला एक बसला की गाडी थांबते, तसे अशक्त सेल संपताच यंत्र बंद पडते आणि सशक्त सेलमधली वीज तशीच राहते.

म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून चार्ज करणारा चार्जर आधी घ्या. सेल पूर्ण भरताना त्याचा व्होल्टेज वाढत जाऊन शेवटी किंचित उतरतो आणि चांगला चार्जर ती उतरण ओळखून थांबतो. प्रवाह फार कमी ठेवला तर ही उतरण इतकी पुसट असते की चार्जरच्या नजरेतून सुटू शकते. त्यामुळे २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर देणे योग्य. शेवटी सेल कोमट लागतो आणि त्यात काही वावगे नाही, पण हातात धरवत नसेल तर तो काढून ठेवावा.

मुळशीकर (मंगळवार, सकाळी ७.१५)

तारतंत्रींशी सहमत आहे, पण एक साधी गोष्ट राहिली. यंत्राच्या सिस्टीम सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार कोणता निवडला आहे? अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टच्या वर असतो आणि हळूहळू उतरत जातो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल मात्र बहुतेक सगळा काळ १.२ व्होल्टच्या आसपास राहून शेवटी झपकन खाली येतो. यंत्राला तुम्ही अल्कलाइन सांगितले असेल, तर १.२ व्होल्ट दिसताच त्याला सेल निम्म्याहून अधिक संपल्यासारखा वाटतो आणि पट्ट्या भराभर कमी होतात. यात आपले दमडीही खर्च होत नाही, म्हणून आधी तेवढे करून पाहावे.

ग्लोनास (जीपीएससारखीच रशियाची उपग्रहयंत्रणा) चालू असेल तर बंद करावे, पडद्याचा दिवा पंधरा सेकंदांत विझेल असे ठेवावे आणि गरज नसताना इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही बंद ठेवावे. या यंत्राचे कंपनीने सांगितलेले २५ तास असल्या काटकसरीतच मिळतात.

हिमवाट (मंगळवार, सकाळी ९.०५)

चार्जिंगच्या भानगडीत पडूच नका. आम्ही हिमालयात फक्त लिथियमचे एकदा वापरून टाकायचे दीड व्होल्टचे सेल नेतो. एका सेलचे वजन जेमतेम १५ ग्रॅम असते, ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिले तरी उतरत नाहीत. अल्कलाइन सेल थंडीत निम्मीही शक्ती देत नाहीत आणि गळून यंत्र खराब करतात ते वेगळेच.

मुळशीकर (मंगळवार, सकाळी ९.२०)

धागाकर्ते हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत मुक्काम करणार आहेत, हिमालयातल्या स्पितीत नाही. डिसेंबरात कोकणकड्यावर हुडहुडी भरते हे खरे, पण तेवढ्या थंडीत निकेल-मेटल हायड्राइडचे काही बिघडत नाही. जास्तीची जोडी रात्री झोपण्याच्या पिशवीत घेतली की पुरे.

नवतंत्रज्ञ (मंगळवार, दुपारी १.१०)

इतकी चर्चा होऊनही दीड व्होल्टचे चार्जिंगचे लिथियम सेल कोणी सुचवले नाहीत याचे आश्चर्य वाटते. त्यांना थेट यूएसबीची वायर लागते, वेगळा चार्जर नको, दोन तासांत भरतात आणि शेवटपर्यंत पक्का दीड व्होल्ट देतात. माझ्याकडचे ३००० चे आहेत, म्हणजे तुम्ही सांगता त्या २००० च्या दीडपट.

तारतंत्री (मंगळवार, दुपारी १.५०)

आपल्या सेलवरील एकक कृपया पुन्हा वाचावे. ते बहुधा ३००० एमडब्ल्यूएच (मिलिवॅट-तास) असेल, एमएएच नव्हे. त्याला दीड व्होल्टने भागले की २००० एमएएच उरतात, आणि आतले सर्किट स्वतः थोडे खाते ते निराळे. निकेलच्या २००० एमएएचला १.२ ने गुणले तर २४०० एमडब्ल्यूएच येतात. फरक आहे, पण दीडपटीचा नाही.

दुसरे म्हणजे, त्या पक्क्या दीड व्होल्टमुळे यंत्र अखेरच्या क्षणापर्यंत पूर्ण पट्ट्या दाखवते आणि मग कसलीही सूचना न देता बंद पडते. घाटात मला हे चालणार नाही. तिसरे, आतले व्होल्टेज उतरवणारे सर्किट उच्च वारंवारतेचा गोंगाट करते आणि स्वस्त सेलांत तो पुरेसा दाबलेला नसतो. उपग्रहाचा अत्यंत क्षीण संदेश ऐकणाऱ्या यंत्राच्या पाठीशी असले काही बसवणे मला पटत नाही.

नवतंत्रज्ञ (मंगळवार, दुपारी २.३०)

माझ्या हेडटॉर्चमध्ये आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये ते उत्तम चालतात. गोंगाट वगैरे मला कधी जाणवला नाही.

तारतंत्री (मंगळवार, दुपारी २.४५)

हेडटॉर्च उपग्रह ऐकत नाही, त्यामुळे तिथे जाणवणारही नाही. तेथे ते जरूर वापरावेत.

धागाकर्त्यांसाठी मात्र एक गंभीर सूचना आहे. डबल-ए च्याच आकाराचे १४५०० नावाचे लिथियम-आयन सेलही बाजारात मिळतात. ते ३.७ व्होल्टचे असतात आणि पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातात. असे दोन घातले तर तीन व्होल्टच्या यंत्राला आठाहून अधिक व्होल्ट मिळून ते कायमचे जाऊ शकते. ‘बसतो म्हणजे चालतो’ असे समजून कोणताही सेल आत सरकवू नये.

घाटवाट_शोधक (मंगळवार, रात्री ९.३०)

सेटिंग बदलले. पट्ट्या आता जास्त वेळ टिकतात, पण यंत्र तीन तासांच्या आतच बंद झाले. सेल काट्यावर १९ ग्रॅम भरला. मल्टिमीटरने मात्र दोन्ही सेल चार्जरमधून काढल्या काढल्या १.३८ दाखवतात, म्हणजे दोन्ही भरलेले आहेत असेच दिसते. मग अशक्त सेलचा सिद्धांत इथे कसा लागू होतो?

तारतंत्री (मंगळवार, रात्री ९.५०)

बिनकामाचा बसलेला सेल नेहमीच तंदुरुस्त दिसतो. त्याला कामाला लावून मोजावे लागते. ४.७ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना लावला की सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. तो लावलेला असतानाच मल्टिमीटरच्या कांड्या टेकवून एक तास अधूनमधून आकडा पाहावा आणि ०.९ च्या खाली जाताच रेझिस्टर सोडवावा. दोन्ही सेल वेगवेगळे मोजावेत. असा रेझिस्टर पसोड्या विठोबाजवळच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल.

सायकलस्वार_सातारा (मंगळवार, रात्री १०.१५)

आपण जीपीएस सायकलच्या किंवा दुचाकीच्या हँडलला लावता का? माझा तसा लावल्यावर खड्ड्यात हादरा बसला की बंद पडत असे. झाकणाच्या आत पातळ फोमचा तुकडा बसवल्यापासून तक्रार नाही.

घाटवाट_शोधक (बुधवार, सायंकाळी ७.४०)

सायकलचा काही संबंध नाही, यंत्र हातातच असते.

रेझिस्टर आणून मोजले. पहिला सेल तासभर १.१९ वर ठाम राहिला. दुसरा लावताक्षणी १.२१ होता, दहा मिनिटांत १.१२ झाला, मग काही वेळ तिथेच घोटाळला आणि चाळिसाव्या मिनिटाला बघता बघता ०.८ वर आला. वरून दोघे अगदी सारखे, एकाच पाकिटातले. माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, कोणते घेऊ?

मुळशीकर (बुधवार, रात्री ८.००)

पॅनासोनिकचे एनेलूप घ्यावेत, आणि त्यांतले साधे, २००० एमएएचचे. पुढे पॅनासोनिकने घेतलेल्या सॅन्योने २००५ मध्ये हा प्रकार बाजारात आणला तेव्हा त्याचे वैशिष्ट्य क्षमता हे नव्हतेच. जुने निकेलचे सेल पडल्या पडल्या महिन्याभरात पाव हिस्सा गमावत आणि हे तसे गमावत नाहीत, म्हणून त्यांचे नाव झाले. आज चार्ज केलेला सेल पुढच्या पावसाळ्यात काढला तरी कामाचा असतो.

हिमवाट (बुधवार, रात्री ८.१२)

चार्जिंगचेच घ्यायचे असतील तर एनेलूप प्रो घ्यावेत. त्यांत २५०० मिळतात.

मुळशीकर (बुधवार, रात्री ८.२५)

जास्त क्षमतेसाठी आयुष्य मोजावे लागते. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे साधा सेल २१०० वेळा चार्ज होतो आणि प्रो फक्त ५०० वेळा. या जीपीएसला साध्या सेलांच्या दोन जोड्या तीन दिवस पुरतील, मग प्रोचे जादा पैसे कशासाठी?

हिमवाट (बुधवार, रात्री ८.३१)

पाचशे वेळा चार्ज करायला आपल्याला दहा वर्षे लागतील. तोवर यंत्रच बदलले जाईल.

तारतंत्री (बुधवार, रात्री ८.५०)

दोघांचेही बरोबर आहे, पण धागाकर्त्यांना उद्यापर्यंत जे हाती लागेल ते घ्यावे लागणार आहे. चारच्या चार सेल एकाच वेळी, एकाच पाकिटातले घ्यावेत आणि कायम टिकणाऱ्या पेनाने त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ लिहून जोड्या ठरवाव्यात. जोडी एकत्र वापरावी, एकत्र चार्ज करावी आणि जुन्या सेलशी तिची कधी गाठ घालू नये. नवे सेल थोडे भरलेले येतात, पण निघण्यापूर्वी एकदा पूर्ण चार्ज करावेत. घरी परतल्यावर ते यंत्रातून काढून ठेवावेत, कारण बंद यंत्रही किंचित प्रवाह ओढत राहते आणि सेल पार रिकामा झाला की काही चार्जर त्याला ओळखतच नाहीत.

रानातला_बापू (बुधवार, रात्री ९.१०)

पाचनईत रात्री वीज असली तर तेथेच चार्ज करता येईल, नाहीतर पॉवर बँकेवर चालणारा चार्जर न्यावा. दहा हजार एमएएचच्या बँकेतून अशा जोड्या तीन-चार वेळा तरी भरतील, असा माझा अनुभव आहे.

घाटवाट_शोधक (गुरुवार, दुपारी ४.२०)

साधे एनेलूप मिळाले, चार सेलांचे पाकीट घेतले. प्रत्येक सेलचा वेगळा दिवा असलेला, यूएसबीवर चालणारा चार्जरही मिळाला. अडीअडचणीला म्हणून अल्कलाइनचीही एक जोडी जवळ ठेवतो. जुने सेल टॉर्चमध्ये वापरले तर चालतील का?

मुळशीकर (गुरुवार, दुपारी ४.३५)

अल्कलाइन घालण्याची वेळ आली तर सेटिंगही तेव्हा बदलावे, नाहीतर यंत्र उरलेल्या शक्तीचा चुकीचा अंदाज दाखवील. १.१९ वर टिकलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घालावा. दुसरा कशातही घालू नये आणि ओल्या कचऱ्यातही टाकू नये; ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा. आता टॉर्चविषयी : ती दोन सेलांची आहे की तीन, आणि त्यात डबल-ए लागतात की ट्रिपल-ए? तेही आपण लिहिलेले नाही.