अण्णांची बिडी सुटेना, दवाखान्यात यायला तयार नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ६४, देवगडला असतात. तरुणपणापासून बिडी. सकाळी खोकल्याची उबळ, आणि खळ्यातून विहिरीपर्यंत जाताना धाप लागून मध्येच माडाला टेकतात. डॉक्टरांचं नाव काढलं की "माका काय्येक जावक नाय!" (खरी भीती ही की बिडी बंद करायला सांगतील.) मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणली की झालं.

निदान स्पायरोमेट्री (फुफ्फुसांची श्वासाची तपासणी) तरी करून घ्यायची आहे. नळीत जोरात फुंकायचं, सुई नाही काही नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात होते का, की कणकवलीला? १८००-११-२३५६ या सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर कोणी बोललंय का? मराठीतून बोलतात? आणि असल्या हट्टी माणसाला तुम्ही दवाखान्यापर्यंत नेलं कसं?