रेसकोर्सवरची पोकर रूम आतून पाहिलीय का? अनुभव लिहा

सुरंगी (दापोली):
आमच्या वाडीत गौरी-गणपतीच्या जागरणाला पत्ते निघतात. बारापर्यंत मेंढीकोट, त्यानंतर तीन पत्ती. चहाची किटली फिरत राहते आणि कोण किती हरलं ते सकाळी कोणी काढत नाही. यंदा बोटीवरून सुट्टीला आलेला भाचा सांगत होता, की अमेरिकेत घोड्यांच्या रेसकोर्सवरच एका बाजूला पोकरची खोली असते आणि तिथे दिवसाढवळ्या, परवाना घेऊन पत्ते पिसतात. आपल्या महालक्ष्मीला असलं काही नाही. इथे बोटीवर असलेले, मुलांकडे जाऊन आलेले पुष्कळ जण आहेत. हरल्या-जिंकल्याचे आकडे नकोत, तिथे चालतं कसं ते सांगा.

खारवी (हर्णै):
मी क्रूझवर असताना आमची बोट फ्लोरिडात टँपाहून सुटायची. तिथून जवळच ओल्ड्समारला टँपा बे डाउन्स हे रेसकोर्स आहे, 1926 सालचं. त्यातली ही खोली. आत गेल्यावर आधी नाव लिहून घेतात. टेबल आपण निवडायचं नाही, नंबर लागला की हाक येते. तोवर भिंतीवरचे टीव्ही बघायचे. न्यूयॉर्क, केंटकी, कुठकुठल्या मैदानांवरच्या शर्यती एकाच वेळी चालू असतात. माझ्या शेजारच्या आजोबांचे पत्ते टेबलावर आणि डोळे टीव्हीवर, कारण पैसे घोड्यावरही लागलेले. त्यांच्यावर डाव अडला की पत्ते वाटणारा डीलर न वैतागता आठवण करून द्यायचा.

नियम मात्र कडक. पैशांऐवजी चिप्स म्हणजे चकत्या असतात, त्या एकदमच पुढे सरकवायच्या. थोड्या टाकल्या, समोरच्याचं तोंड पाहिलं आणि मग आणखी टाकल्या, तर मागाहून टाकलेल्या परत मिळतात, वाढ धरत नाहीत. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती समोरच्याच्या बोलीशी नुसती बरोबरी. वाढवायचं असेल तर आधी 'रेझ' म्हणायचं. पत्ते छातीशी धरायचे नाहीत, टेबलावरच कोपरा उचलून बघायचे. दर अर्ध्या तासाने डीलर बदलतो. वाद झाला तर फ्लोअरवाला, म्हणजे खोलीवर देखरेख करणारा, येतो, दोन वाक्यांत निकाल देतो आणि माणसं तो ऐकतात! आमच्याकडे एका बदाम राणीवरून दोन घरांचं अजून येणंजाणं नाही.

एक जुना खेळाडू सांगायचा, 1997 मध्ये या खोल्या सुरू झाल्या तेव्हा एका डावात दहा डॉलरच्या वर रक्कम जमू द्यायची नाही असा कायदा होता. 2003 मध्ये तो बदलून एका बोलीला दोन डॉलरची मर्यादा आली, पुढे ती वाढली आणि 2010 मध्ये मर्यादाच गेली. मजा म्हणजे तिकडच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती 2018 च्या मतदानाने बंद करायच्या ठरल्या, 2020 अखेर त्या थांबल्या, पण त्या मैदानांना पत्त्यांच्या खोल्या चालू ठेवता आल्या.

कोकमकढी (गुहागर):
मी खेळत नाही, आमचे जावई खेळतात. मिनेसोटात शाकोपी गावाला कँटरबरी पार्क आहे, तिथे मला दाखवायला नेलं. लहान नव्हे हो, चांगली ऐसपैस खोली, 2000 सालापासूनची. फेब्रुवारी महिना, मैदानावर बर्फ, घोडा औषधालाही नाही. ते मे महिन्यात येतात म्हणे. पण आत टेबलं भरलेली. निवृत्त शेतकरी, ड्यूटी संपवून आलेली एक नर्स, तोंडातून अवाक्षर न काढणारा एक पोरगा. जावयांनी मित्राला मराठीत काहीतरी विचारलं तर डीलरने लगेच अडवलं, डाव चालू असताना फक्त इंग्रजी. म्हणे एकमेकांना पत्ते सांगू नयेत म्हणून. विचारलं काय होतं, तर गाडी कुठे लावलीस!

खोलीच्या कमाईतला ठरावीक वाटा शर्यतींच्या बक्षिसांत जातो, असं जावयांनी सांगितलं. थंडीत पत्ते कुटणारे उन्हाळ्यातल्या घोड्यांची सोय करतात, हे मला आवडलं. आणि तिथे उन्हाळ्यात आखूड पायांच्या कुत्र्यांच्याही शर्यती होतात. त्या बघायला मी परत जाईन, पत्त्यांसाठी नाही.

किनारा (अलिबाग):
रेसकोर्स आणि पोकर एकत्र का, याचं नवल वाटायला नको. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या खिडकीवर घोड्यावर पैसे लावताना, आपण मैदानवाल्याविरुद्ध लावतच नाही. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, मैदान आपला वाटा काढतं, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. पोकरमध्येही तेच, खेळाडू एकमेकांकडून जिंकतात, खोली फक्त रेक, म्हणजे आपला वाटा, कापते. रुलेटच्या फिरत्या चाकावर मालक स्वतः समोर बसलेला असतो, तो प्रकार वेगळा.

आमच्याकडे किनाऱ्यावर बैलगाड्या पळतात तेव्हा पैजा लागतात, पण त्या तोंडी. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. गाड्या परत आल्या आणि पैजाही. तिथे वाद झाला तर फ्लोअरवाला नसतो, सरपंच असतो, आणि त्याचाही बैल पळत असतो.

तिठा (वेंगुर्ले):
मी आपलो गोव्याक मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवरच जावन इलंय. पोकरची टेबलां एका कोपऱ्यात, गर्दी सगळी अंदर-बाहरकडे. गाण्याचो आवाज इतको की समोरचो काय बोलता ता कळना नाय. घोडे खयसून असतले!

पाढे (रत्नागिरी):
तीन पत्ती खेळणाऱ्यांनी पोकरला बसण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. सिक्वेन्स म्हणजे ओळीने आलेले पत्ते, कलर म्हणजे सगळे एकाच जातीचे. आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर सिक्वेन्सच्या वर. माझे एक काका तिकडच्या टेबलावर सिक्वेन्स दाखवून चिप्स ओढायला निघाले होते, डीलरने हात आडवा घातला. त्यांना वाटलं, परक्या माणसाला फसवतायत. फसवाफसवी नाही, हिशेब आहे. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात, म्हणजे वेगवेगळे संच, होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पोकरच्या पाच पत्त्यांत कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200, म्हणजे दुर्मीळ झाला कलर. जे कमी येतं ते वर. हे काकांना मी गॅलरीत बसून कागदावर मांडून दाखवलं. त्यांना पटलं, पण त्या डीलरबद्दलचं मत त्यांनी काही बदललं नाही.

लाल माती (राजापूर):
सगळं छान, पण जुगाराला जुगारच म्हणा. आमच्या शेजारी एका मुलाने मोबाइलवर पोकर खेळून वडिलांच्या आंब्याच्या हंगामाचे पैसे घालवले. तिथे ना डीलर, ना हाक मारणारा, ना घरी जायची वेळ. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले ते बरंच झालं.

खारवी (हर्णै):
लाल माती, मोबाइलचं तुमचं बरोबर आहे. त्या खोलीत निदान यादीत नंबर लागेपर्यंत तासभर जातो, तेवढ्यात निम्मा कैफ उतरतो.

सुरंगी (दापोली):
भाचा जानेवारीत परत जातोय. डीलरला बक्षिसी द्यायची असते का?

खारवी (हर्णै):
सक्ती नाही, पण डाव जिंकला की एक डॉलरची चिप सरकवतात. डीलर ती टेबलावर टक्कन वाजवून खिशात टाकतो. जानेवारीत टँपाला गेला तर घोडेही धावताना दिसतील, तिथला हंगाम नोव्हेंबर अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत असतो.

कोकमकढी (गुहागर):
आमच्या जावयांकडे गेला तर स्वेटर दोन घे म्हणावं.