ओंडके ओढ्यातच राहू द्या
काहीजण म्हणतात की ओढ्यात पडलेले ओंडके उचलले की सॅमन माशांची वाट मोकळी होते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात असंच समजून कित्येक वर्षं ओंडके काढले, आणि पुढे तेच परत नेऊन टाकावे लागले! ओंडक्याला धडकून पाणी तळ खरवडतं, डोह होतो. कोहो जातीच्या सॅमनची पिल्लं त्यातच वाढतात. म्हणून ओढ्याच्या पाहणीत डोहाची सर्वांत खोल जागा मोजतात, आणि पाणी जिथून बाहेर पडतं त्या उंबऱ्यावरची खोलीही. वजाबाकी केली की ओढा भरलेला असो वा आटलेला, डोहाची खरी खोली कळते.

आणि सावली विसरू नका. ऑरेगनमधल्याच अल्सी नदीच्या खोऱ्यात नीडल ब्रँच ओढ्याकाठची झाडं १९६६ साली सरसकट तोडली, तर उन्हाळ्यात पाणी भयंकर तापलं. जंगल राखलेल्या शेजारच्या फ्लिन क्रीक ओढ्याचं तसं झालं नाही.